सगळ्यात मोठा आकडा

कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या मामांना भाचीचा कोण अभिमान! चौकशीला कुणी आलं रे आलं की तिने बनवलेली एका दुकानाची वेबसाइट उघडायची आणि "हे बघा, आमच्या घरच्या मुलीचं काम!" म्हणत मिरवायचं. तीच भाची आज नोकरीच्या मुलाखतीहून आली ती पांढरीफटक पडून. क्लासातल्या पहिल्या बाकावर बसली.

"काय गं, काय विचारलं?"

"पाच-सहा आकडे दिले. त्यातला सगळ्यात मोठा शोधणारा प्रोग्रॅम कागदावर लिही म्हणाले."

"हात्तिच्या! मग?"

"मी विचारलं, त्यासाठी तयार कोडचं कुठलं पॅकेज घेऊ?"

मामांचा चहा बशीत सांडला. पॅकेज? एवढ्याशा कामाला? अगं बाई, हे तर पहिल्या आठवड्यातलं!

पण कुठल्या पहिल्या आठवड्यातलं? पूर्वी मामा सुरुवातीचा अख्खा महिना हेच घोटून घ्यायचे. मग समोर दुसरा क्लास निघाला. 'पहिल्याच दिवशी वेबसाइट' अशी त्याची पाटी. नोकरीच्या जाहिराती फ्रेमवर्कचं नाव मागतात, घरचे म्हणतात, काय बनवलंस ते दाखव. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा, त्यावर थोडी रंगरंगोटी केली की काम दिसतं. फळ्यावरच्या आकड्यांत कोण डोकं घालणार? पोरं भराभर तिकडे पळाली, तसा मामांनी तो महिनाच उडवून टाकला. भाची शिकली ती त्यानंतर.

"बाकीच्या पोरांचं जाऊ दे," ती म्हणाली. "मला तरी शिकवायचंत ना, मामा? मी घरचीच होते की."

मामांनी कपबशी बाजूला ठेवली.

"सोमवारी परत बोलावलंय. शेवटची संधी आहे म्हणाले. आता तरी शिकवाल?"

"आत्ता! या क्षणी!" मामा ताडकन उठले. इतकी वर्षं हाच तर धंदा! मार्कर उघडून त्यांनी झोकात पहिली ओळ लिहिली. रोज लिहायचे तीच, फ्रेमवर्क मागवणारी. आणि हात थांबला. पुढे काय? पुढे काय लिहायचो बरं आपण? त्या ओळीखाली फळा पांढरा तो पांढराच.

मागून भाचीचा आवाज आला, अगदी हळू.

"इथपर्यंत मीही लिहिलं होतं, मामा."