सगळ्यात जास्त टिकणाऱ्या डिस्क

व्हॅनकाकू नाकावर माशी बसू देत नाहीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. शाळेची व्हॅन चालवण्यात त्यांची अर्धी हयात गेली. आज पोटं सुटलेले, टक्कल पडलेले कितीतरी बाप्ये एकेकाळी त्यांच्या मागच्या सीटवर नाक ओढत बसायचे. आता व्हॅन नाही, एक छोटी जुनी गाडी आहे. तीत घालून त्या थोरल्या बहिणीला एक दिवसाआड डायलिसिसला नेतात. बहीण दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायला तयार नाही आणि काकूही तिला दुसऱ्याच्या हवाली करायला तयार नाहीत.

तर झालं असं, की परवा काकूंचा मुलगा शेजारी बसला होता. उतारावर काकूंनी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग थडथड हललं. मुलाने बघितले ते फक्त आईचे हात. घरी पोचल्यावर त्याने थेट किल्लीलाच हात घातला.

"आई, हात थरथरतात तुझे. आता बास झालं. मावशीला मी सोडत जाईन."

"माझे हात नाहीत, गाडी थरथरतेय. पुढच्या ब्रेकच्या डिस्क गेल्यात," काकू म्हणाल्या आणि किल्ली ओढून कनवटीला लावली. मावशीला सोडणार म्हणे. स्वतःच्या बायकोला स्टेशनवरून आणायला जायचं तर याला चारदा आठवण करावी लागते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी गाडी गॅरेजात घातली. मुलगाही हट्टाने सोबत आला. गॅरेजवाल्याने चाक काढलं. मागे डिस्कची ती लोखंडी तबकडी दिसली, जिला ब्रेकचे पॅड दोन्हीकडून चिमटीत धरतात तेव्हा गाडी थांबते. कडेला चांगली धार आली होती आणि पातळ होऊन ती वाकडी झाली होती. काकूंनी मुलाचं बोट धरून त्या धारेवरून फिरवलं. घासून चालवण्याइतकं लोखंड शिल्लक नव्हतं, नव्याच आणायच्या होत्या.

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर तीन प्रकार मांडले गेले. काकूंचा जीव जडला तो भोकाभोकांच्या डिस्कवर. दिसायला भारीच होती ती.

"काकू, ती जोरात गाडी पळवणाऱ्यांची," दुकानदार म्हणाला. "बाजारात आणि दवाखान्यात जायला साधीच बरी."

"मी जोरात पळवत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" काकू म्हणाल्या, पण डिस्क नाइलाजाने बाजूला सारली. आता दोन उरल्या. एक स्वस्तातली, दुसरी चांगली वजनदार.

तेवढ्यात मुलगा काउंटरवर वाकला. "स्वस्तातली द्या हो. अजून किती दिवस चालवणार आहे ती?"

हे तो आईला नाही, दुकानदाराला म्हणाला. जशी काही आई तिथे नव्हतीच. दुकानदार उगाच काउंटरची काच पुसू लागला. काकूंच्या डोक्यात अशी तिडीक गेली, की चारचौघांत पोराचा कान धरायचं तेवढं बाकी ठेवलं. रागापेक्षा लागलं जास्त. ज्याला बोट धरून चालवलं, तो आपल्या दिवसांचा हिशेब परक्या माणसासमोर मांडतोय.

"सगळ्यात जास्त टिकणारी कुठली?" त्यांनी विचारलं. "ती द्या. दोन्ही चाकांना. पॅडही नवे द्या. आणि याला काही विचारू नका, गाडी माझी आहे."

डिस्क बसल्या. पहिले काही दिवस ब्रेक बेताने दाबा, असं गॅरेजवाल्याने बजावलं. काकू निघाल्या. तोच उतार आला, ब्रेक दाबला, स्टिअरिंग जागचं हललं नाही. मुलगा खिडकीबाहेर बघत बसला. काकूंना आतून गुदगुल्या होत होत्या, पण तोंडावर त्यांनी काही दिसू दिलं नाही.

आणि एका फाटकातून टेम्पो मागेपुढे न बघता आडवा बाहेर आला. बेताने वगैरे सगळं विसरून काकूंनी ब्रेक दाबला. गाडी सरळच्या सरळ थांबली, टेम्पोच्या अलीकडे हातभर.

काकूंनी हात मांडीवर घेतले. हात थरथरत होते.

घाबरून नव्हे. सुई ओवतानाही ते थरथरायचे, चहाचा कप काकू दोन्ही हातांनी धरायच्या. हे त्यांना कधीपासून माहीत होतं. घरात कुणाला त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता.

"आई," मुलगा हळूच म्हणाला, "हात."

आता डिस्कवर ढकलायची सोय नव्हती. हात पदराखाली घेता आले असते. काकूंनी ते उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरले.

"थरथरतात. नीट बघून घे. बघितलंस? आता समोर बघ. गाडी कुठे थांबलीय?"

मुलाने समोर बघितलं. टेम्पोवाला हात जोडत होता.

"ज्या दिवशी मला ती थांबवता येणार नाही, त्याच्या आदल्या दिवशी किल्ली मी स्वतः तुझ्या हातात देईन. तोवर मागायची नाही."

एवढं बोलून त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.