माडीवरचे अण्णा

"खाली कोन हाय?"

माडीवरून दिवसातून दहा वेळा ही हाक यायची. काम काहीच नसायचं. आमच्यापैकी कोणी "हाय, अण्णा!" म्हटलं की झालं, त्यांची लेखणी पुन्हा चालू.

अणशीच्या रानात आमच्या लाकडाच्या वखारीची जुनी कचेरी होती. मी तिथे कारकून. अण्णा रानाचे नकाशे काढत. सागाच्या ओंडक्याखाली सापडून त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले होते. सुताराने खुर्चीला चाकं लावून दिली होती, पण जिना इतका अरुंद की खुर्ची त्यात वळायची नाही. ती कायम माडीवरच. सकाळी दोन हमाल अण्णांना उचलून वर नेत, संध्याकाळी खाली आणत. "माझं टेबल खाली घ्या," असं त्यांनी मालकांना कितीदा विनवलं. मालक म्हणत, "खाली ओल येते. नकाशे खराब होतील."

त्या चैत्रात वणवा कचेरीच्या मागेच येऊन ठेपला. भर दुपारी अंधारलं. पाखरं गप्प झाली. सगळे नदीकडे पळाले. पळताना मला वरून हाक ऐकू आली. तुम्हाला खरं सांगतो, स्पष्ट ऐकू आली. दुसरं कोणीतरी ओ देईल असं वाटलं, आणि मी थांबलो नाही.

नदीवर दोन्ही हमाल समोर दिसले. दोघांचे हात रिकामे होते.

एकाला घेऊन मी मागे फिरलो. कचेरीत धूर कोंडला होता. हाका मारल्या, उत्तर नाही. पण डोक्यावरच्या फळ्यांवरून चाकं फिरत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सावकाश. आम्ही जिना चढलो.

"आवाज फुटंना," वर गेल्यावर अण्णा पुटपुटले. "म्हटलं, चाकांचा आवाज तरी ऐकंल कुनी."

खिडकीतून ठिणगी पडून गुडघ्यावर त्यांचं धोतर धुमसत होतं. त्यांना पत्ताच नव्हता. मी ते हाताने विझवलं, हमालाने त्यांना पाठीवर घेतलं.

वारं फिरलं, कचेरी वाचली. नदीकाठी अण्णा मला म्हणाले, "परत आलास, बरं झालं. पर आदी गेलासच की." आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी हमाल उचलायला आले, तर अण्णा म्हणाले, "आता वर न्हाई." मालकांनीही टेबल खाली आणलं नाही.

आठवड्याने त्यांचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. अण्णांना मागे तोंड करून बसवलं. रस्ता जळक्या रानातून जात होता. झाडांवर पान उरलं नव्हतं, त्यामुळे गाडी फार लांबपर्यंत दिसत राहिली. अण्णा आमच्याकडेच बघत होते. मी हात वर केला. त्यांनी केला नाही.