एका बैठकीत मंजूर झालेला पूल

मी मूळची सांगलीची. साताऱ्याला बांधकाम खात्यात इंजिनिअर म्हणून रुजू झाले तेव्हाच कोयनानगरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीच्या पुलाचं काम माझ्याकडं आलं. ओढ्यावरचा साधा पूल. पण जागा वनखात्याची, पाणी पाटबंधारे खात्याचं आणि रस्ता आमचा. एका खात्याच्या शंकेला उत्तर जाईपर्यंत दुसऱ्याच्या परवानगीची मुदत संपायची. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

वाडीतले एक निवृत्त सुभेदार त्यासाठी हेलपाटे घालायचे. बाहेरच्या बाकावर ताठ बसायचे, कधी आवाज चढवायचे नाहीत.

"मॅडम, आमच्या पुलाचं कुटवर आलं?"

"वनखात्यात आहे, काका."

"बरं," म्हणायचे आणि उन्हाळ्यात पानात बांधलेली करवंदं टेबलावर ठेवून जायचे.

एका पावसाळ्यानंतर त्यांचं येणं थांबलं. ते माझ्या लगेच ध्यानातही आलं नाही.

मग वरून आदेश आला. सरकारी निधीतल्या कामांची फाईल आता खात्याखात्यांतून फिरवायची नाही. सगळ्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसायचं आणि तिथंच सह्या करायच्या. पहिल्याच बैठकीत आमच्या पुलाचा विषय निघाला. वनखात्याच्या साहेबांनी झाडांचं विचारलं, मी नकाशा दाखवला. पाटबंधाऱ्याच्या बाईंनी पुलाची उंची थोडी वाढवायला सांगितली, मी हो म्हटलं. जेवणाच्या सुट्टीआधी आम्ही पुढच्या कामाकडं वळलो होतो.

दुपारी मी सुभेदारांना फोन लावला.

"काका, पूल मंजूर झाला."



"लय बेस झालं, मॅडम. आमची मालकीण गेली. गेल्या पावसात पान लागलं, साप चावला तिला. डोली करून वड्यापतूर आणली. पानी उतरायची वाट बगत बसलो. उतरलं तवा ती न्हवती."

"काका, मला माहीत नव्हतं."

"तुमी तरी काय करनार? बांदा पूल. पोरास्नी शाळंला हुईल."

फोन ठेवला. कुणीतरी चहाचं विचारलं, मी घेतला. शनिवारी एसटीनं सांगलीला जाताना वाटलं, आता रडू येईल. कऱ्हाड गेलं, इस्लामपूर गेलं. खिडकीबाहेर ऊसच ऊस होता. घरी आई म्हणाली, "दमलीस का गं?" मी म्हटलं, "नाही." आणि खरंच दमले नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात पूल उभा राहिला. तपासणीला गेले तेव्हा सुभेदार सोबत चालत आले. मधोमध थांबून त्यांनी पलीकडच्या काठावर बोट दाखवलं.

"तितं बसलो हुतो."

मी पाहिलं. कोरडे दगड होते, एक बाई कपडे धूत होती.

कठड्याची लांबी मोजायची राहिली होती. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं घेऊन मी चालत गेले. माप बरोबर भरलं. मी तसं त्यांना ओरडून सांगितलं.