शेपूदादा

कार्यक्रमाआधी माइकसमोर उभं राहून सगळे गायक 'हॅलो, हॅलो, वन टू थ्री' म्हणतात. आमचा शेपूदादा भाज्यांची नावं घ्यायचा. "भोपळा... भोपळा... शेपू... शेपू... वांगं... कोथिंबीऽऽर." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, आपण रॉक ऐकायला आलोय की बाजाराला? पण त्यात शास्त्र होतं. 'भोपळा' म्हणताना तोंडातला वारा माइकवर आपटतो. तो धप्पकन वाजला की खालचा आवाज कमी करायचा. 'शेपू'नं शिट्टी मारली की वरचा कमी. 'वांगं' नाकात अडकतंय का ते बघायचं. आणि 'कोथिंबीर' शेवटच्या रांगेतल्या माणसाला चारही अक्षरांनिशी ऐकू आली की कार्यक्रम सुरू. "आकड्यांना चव नसती," तो म्हणायचा. "शेपू बोललं की माइकचा स्वभाव कळतो."

त्याचं खरं नाव गोरख. मखमलाबादला त्यांचा मळा. वडिलांच्या काळापासून पालेभाजी, आणि बांधालगत झेंडू, शेवंती. पहाटे माल टेम्पोत घालून हा बाजारात जायचा आणि दुपारी त्याच टेम्पोत अँप्लिफायर आणि ड्रम घालून आम्ही कार्यक्रमाला. त्यामुळे आमच्या सगळ्या सामानाला कोथिंबिरीचा वास असायचा. गिटारची पेटी उघडली की आतून झेंडूच्या पाकळ्या पडायच्या आणि लोकांना वाटायचं, वा, काय भक्तिभाव आहे! भक्तिभाव होताच म्हणा, पण पाकळ्या पडायच्या त्या निव्वळ टेम्पो झाडायचा आळस म्हणून.

मला तो सापडला आमच्याच दारात. आम्ही पंचवटीतले. काका रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे, बाबा सरकारी कचेरीत. आमच्याकडे रोज पूजेची फुलं लागायची आणि ती शेपूदादा आणून द्यायचा. तेव्हा तो माझ्यासाठी नुसता 'फुलवाला' होता. मी बी.कॉम.ला होते आणि सकाळी पेटी घेऊन बसायचे, कारण आईला वाटायचं की मुलीनं दोन भजनं तरी वाजवावीत. एक दिवस तो फुलांची पुडी हातात घेऊन दारातच थांबला. गाणं संपल्यावर म्हणाला, "ताई, रागावू नका. तुमचा उजवा हात लय पळतोय आणि डावा बिचारा नुसता भाता मारतोय. आमच्याकडे कीबोर्ड हाय. त्याला भाता नाय. दोन्ही हात मोकळे."

दोन्ही हात मोकळे! मला आजवर कुणी इतकं मोठं आमिष दाखवलेलं नाही. त्या दिवसापासून मी बँडमध्ये आणि माझं नाव 'पेटी'. बाबांची परवानगी त्यानं स्वतः काढली. "काका, नुसतं हो म्हणू नका. या, पहिल्या रांगेत बसा, मग सांगा." बाबा आले. कानात कापूस घालून दोन तास ताठ बसले आणि घरी येऊन आईला म्हणाले, "माणूस सज्जन आहे. आवाज मात्र सज्जन नाही." ही परवानगी आहे असं मी धरून चालले.

आमच्या गावाला द्राक्षं कळतात, चिवडा कळतो, रॉक फारसं कळत नाही. लोक सिनेमातली गाणी मागायचे. शेपूदादाला आपली स्वतःची गाणी म्हणायची असायची, आणि ती मराठीत. वीज गेल्यावर बंद पडलेल्या पंपावर एक होतं, बसस्टँडवर एक. सगळ्यात जोरकस होतं 'दारं धर'. वाफा भरला की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवतात, त्याला शेतात दारं धरणं म्हणतात. त्या गाण्यात ड्रम पाण्यासारखा मागून यायचा आणि दादा गिटार वाजवत, गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा, "दारं धर, दारं धर, पाणी निघालंय!" लोकांनी तोंडं वाकडी केली तरी त्याला काही वाटत नसे. "शेपूची भाजी सगळ्यांना कुठं आवडती? पण ज्याला आवडती तो नाव घेऊन जुडी मागतो." या वाक्यामुळेच त्याचं नाव पडलं. त्याला ते गोरखपेक्षा आवडायचं.

लोकांशी त्याचा साधा करार होता: एक तुमचं, एक आमचं. दिंडोरीला एका बागायतदाराच्या लग्नात आम्ही सामान घेऊन पोचलो तर स्टेजच नव्हतं. नवरदेवाचे मामा म्हणाले, "स्टेज कशाला? नवरदेवाच्या पुढं चालायचं ना वाजवत!" आता ड्रमचा सेट गळ्यात कसा अडकवणार? आमचा ड्रमर परत निघाला होता. दादानं मळ्यात उभी असलेली ट्रॅक्टरची ट्रॉली बघितली, तिच्यात द्राक्षांच्या क्रेटखाली घालायची पोती अंथरली, ड्रम दोरांनी बांधले, ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात जनरेटर ठेवला आणि मामांना म्हणाला, "चला. पण एक तुमचं, एक आमचं." ट्रॅक्टर प्रत्येक खड्ड्यात बसायचा आणि माझी बोटं भलत्याच पट्टीवर पडायची. मामांच्या गाण्यावर पोरं नाचली. 'दारं धर'वर मात्र बागेत कामाला असलेल्या बाया पदर खोचून पुढे आल्या, कारण दारं धरून धरून त्यांच्याच कमरा मोडलेल्या होत्या. त्यांनी ते तीनदा वाजवायला लावलं. दादा त्या दिवशी इतका खूश होता की परतताना टेम्पो चालवत असूनही टाळ्या वाजवायला बघत होता.

आणि माणसं नसली तरी त्याचं काही अडत नसे. चांदवडच्या एका गॅदरिंगमध्ये वीज गेली, ती तासाभरानं आली, तोवर सगळा जमाव पांगलेला. खुर्च्यांवर चार माणसं उरली होती. त्यातला एक शिपाई, आणि तो खुर्च्या उचलायला थांबलेला. मी म्हटलं, "दादा, आवरूया का?" तो चिडला. मी त्याला चिडलेलं दोन-तीनदाच पाहिलंय. "गर्दीतलं कोण ठरवून आलेलं असतं? हे चौघं ठरवून थांबलेत." आणि त्यानं पुन्हा भोपळ्यापासून सुरुवात केली. सगळी गाणी म्हटली, एकही कडवं गाळलं नाही. शिपायाला त्यानं शेवटी नमस्कार केला. त्या माणसानं खुर्ची उचलता उचलता खाली ठेवून नमस्कार परत केला, ते मला अजून दिसतं.

आता त्याच्या एका रिवाजाबद्दल सांगते, कारण माझं घोडं तिथेच अडलं. नाशकात वाजवायला शिकलेली मुलं नाशकात राहत नाहीत. कुणी पुण्याला, कुणी मुंबईला, कुणी बंगळूरला. दादानं कितीतरी ड्रमर घडवले आणि कितीतरी घालवले. स्वतः मात्र गेला नाही. "तिकडं वाजवणारे लय हायत. मी गेलो तर हितं कोण वाजवंल?" जाणाऱ्यावर तो कधी रुसला नाही. फक्त अट एकच: निघताना वाजवून जायचं. जाणाऱ्यानं शेवटचं गाणं निवडायचं, पुढे मधोमध उभं राहायचं, आणि दादा स्वतः मागे जाऊन खंजिरी धरायचा. "पोरगी सासरी निघाली तर आपण वाजतगाजत पाठवतो. मग वाजवणाऱ्यालाच मुक्यानं पाठवायचं का?"

मी मुक्यानं गेले. पुण्याला नोकरी लागली. वणीच्या एका शाळेच्या पटांगणात रविवारी कार्यक्रम होता, तोच माझा निरोपाचा ठरला. मी 'दारं धर' निवडलं होतं. रविवारी सकाळी मी त्याला फोन केला आणि सांगितलं, "दादा, अंगात ताप आहे, उठवत नाहीये." तो म्हणाला, "बरं. काढा घे. तुझी जागा ठेवतो." मी फोन करत होते तो बसमधून. दाराशी कंडक्टर "शिवाजीनगर, शिवाजीनगर!" म्हणून कोकलत होता. चाळीस फुटांवरून शेपूची शिट्टी ओळखणाऱ्या माणसाला तो ऐकू आला नसेल, असं मी पुढे सात वर्षं स्वतःला समजावत राहिले.

का गेले अशी? घरच्यांनी अडवलं नव्हतं, घाईही नव्हती. मला भीती वाटली. मधोमध उभी राहून ते गाणं वाजवलं तर माझा पाय निघणार नाही, याची मला खात्री होती. म्हणून पळाले. नंतर लाज इतकी वाटली की नाशकात आले तरी मखमलाबादच्या रस्त्याला वळले नाही. जुन्या ड्रमरकडून कळायचं की दादाला नवा कीबोर्डवाला मिळालाय, पण त्याला तो उजवीकडे उभा करतो. डावीकडे माझं स्टँड तसंच रिकामं मांडतो. प्रत्येक कार्यक्रमाला. कुणी विचारलं तर म्हणतो, "पेटीला ताप हाय."

मग बातमी आली ती वाईट. चारा कापायच्या यंत्रात दादाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. डाव्या हाताची, म्हणजे गिटारच्या तारा दाबणारी. मी फोन हातात घेऊन बसले आणि केला नाही. काय तोंडानं करणार? महिना-दीड महिन्यानं त्याचाच निरोप आला, सगळ्या जुन्यांना एकच: 'रविवारी चार वाजता मळ्यात या. निघायचा कार्यक्रम ठेवलाय.'

दादाचं निघणं! ज्यानं बाकी सगळ्यांना वाजवून पाठवलं त्याला वाजवून पाठवायचं, ही कल्पनाच सोसेना. मी गेले. भाजी निवडायच्या शेडमध्ये क्रेट उलटे घालून बसायची सोय केली होती. ठिकठिकाणांहून अकरा जुने वाजवणारे आले होते, शेजारच्या मळ्यांतल्या बाया होत्या, आणि पुढच्याच क्रेटवर माझे बाबा. कानात कापूस होता. दादाचे केस पिकले होते. डावा हात पाठीमागे धरून तो माइकपाशी आला आणि म्हणाला, "भोपळा." शेडमधले सगळे हसले आणि अर्धे रडले.

त्याची गिटार आमच्यातल्या एकानं घेतली. दादा नुसता गायला. आवाज तोच होता, पण हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. रिकामा हात सारखा पोटाशी जायचा, गिटार असायची तिथे. मला बघवेना. डाव्या बाजूला माझं स्टँड होतं, त्यावर कीबोर्डही होता, पण मी बाबांच्या मागे लपल्यासारखी बसले होते.

शेवटच्या गाण्याची वेळ आली. आता दादा मधोमध उभा राहून आपलं गाणं निवडणार म्हणून सगळे सरसावून बसले. तो उलट मागे चालत गेला आणि खंजिरी उचलली. डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांत ती बरोबर बसली. मग तिथूनच ओरडला, "ए पेटी, पुढं ये."

मी उठले. "दादा, आज तुझं निघणं आहे ना?"

"माझं? मी कुठं चाललो? मळा हितं, गळा हितं."

"निरोपात तर तसंच होतं."

"मी लिहिलं, निघायचा कार्यक्रम. कुणाचा ते कुठं लिहिलं? आणि तुझा लिहिला असता तर तू आली असतीस का?"

मी त्याच्याजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "दादा, मला तेव्हा ताप नव्हता."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "तो शिवाजीनगरवाला लय मोठ्यानं वरडत होता."

"वाजवलं असतं तर मी गेलेच नसते रे."

"अगं, सगळ्यांना तसंच वाटतं. तरी वाजवून जातातच की. वाजव आता."

मी माझं स्टँड मधोमध ओढलं, तिथे उभी राहिले आणि वाजवलं. दोन्ही हात मोकळे सोडून वाजवलं. "दारं धर, दारं धर, पाणी निघालंय!" मागून खंजिरी येत होती, एका ठोक्यालाही इकडची तिकडे नाही. बाया उठल्या, जुने ड्रमर क्रेट बडवायला लागले. बाबांनी एका कानातला कापूस काढला. मी रडत होते आणि पट्ट्या चुकत होते. या माणसानं बोटं गमावली आणि पहिली आठवण काढली ती माझ्या राहिलेल्या गाण्याची! मी त्याच्यासारखं होऊ शकणार नाही, पण माझ्या हातून काही अर्धवट सुटलं की आता मला ती खंजिरी ऐकू येते.

सामान आवरताना त्यानं माझं स्टँड घडी करून टेम्पोत टाकलं. सात वर्षांत पहिल्यांदाच ते रिकामं राहिलं नव्हतं, असं नवा कीबोर्डवाला म्हणाला. "आता याला डावीकडं उभा करतो," दादा म्हणाला. "उजवीकडं ऊन लागतं त्याच्या डोळ्यावर." पुढच्या रविवारी त्यांचा कार्यक्रम होता. दादा गाणार होता आणि खंजिरी वाजवणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याच्या बसमध्ये बसले. दाराशी कंडक्टर कोकलत होता. मी दादाला फोन लावला आणि काही न बोलता फोन खिडकीबाहेर धरला. "शिवाजीनगर, शिवाजीनगर!" मग कानाला लावला.

"ऐकू आलं," दादा म्हणाला. "नीट जा."