केळीच्या कंदातला म्हातारा

आमच्या शेजारच्या चांगुणाबाईंच्या भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा, आनंदराजचा, एकच फोटो आहे. पंचविशीतला, केसांचा फुगा काढलेला. त्याच साली तो गेला. चांगुणाबाई आता साठीला टेकल्या, फोटो मात्र आहे तिथंच. आमची नवी सून लुंबिनी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेली, हार घातलेला फोटो बघून हळहळली, "मामी, तुमचा पोरगा का ओ?"

चांगुणाबाई हसल्या. पण त्यांना ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्या लालमहंमद सुतारांपुढं जाऊन बसल्या. "चाचा, मला लाकडात माणसाचं तोंड कोराय शिकवा. माझ्या वयाचं."

या वयात हे काय खूळ, असं मी तोंडावर म्हटलं. माझी जीभ कधी गप्प बसलीय?

चाचा आमच्या अर्धापुरात दारं-चौकटी करतात. म्हणाले, "तोंडं आमच्यात कोरत न्हाईत, बाई. पटाशी धराय शिकवतो, तोंडाचं तुमचं तुम्ही बघा. अन् आधी लाकूड नको. ते माफ करत न्हाई. नरम चिजेवर हात बसवा."

चांगुणाबाई केळीच्या बागेत मजुरीला जातात. घड उतरले की खोदून काढलेले कंद बांधावर पडलेले असतात. ते घरी येऊ लागले. सुरुवातीची तोंडं बघवत नव्हती. डोळे कपाळावर चढलेले, नाक बटाट्यासारखं. चाचा येऊन पटाशी तिरपी कशी धरायची ते दाखवायचे, आणि डोळे कोरायची पाळी आली की बिडी ओढायला बाहेर जायचे.

एक तोंड मात्र थेट फोटोसारखं उतरलं. ते कट्ट्यावर उन्हात राहिलं आणि कंद सुकू लागला. गाल बसले, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आल्या. एका दुपारी, पिवळं ऊन दारापर्यंत आलेलं, चांगुणाबाईंना कट्ट्यावर एक म्हातारा दिसला. लांबून चालत येऊन टेकल्यासारखा. त्या तांब्या भरायला उठल्या, आणि रांजणापाशी गेल्यावर त्यांना कळलं, तो कोण आहे ते.

मग एकच घाई सुटली. कंद रोज आक्रसत होता. थोड्याच दिवसांत तो ऐंशीचा दिसला असता, मग नुसतं वाळकं ढेकूळ. चाचांनी सागाचा तुकडा दिला. कंद समोर ठेवून त्या कोरत बसायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. "थांबा की ओ जरा. एकदा गेलात मला सोडून पुढं. आता न्हाई जाऊ देत."

सागातलं तोंड पुरं झालं त्या दिवशी मी लुंबिनीला घेऊन गेले. एक कान मोठा होता, नाक जरा डावीकडं कललेलं. लुंबिनी बघत राहिली. "मामी, हे मामा का?"

मला रडू आलं, आणि मी काही उठसूट रडणारी बाई नाही.

चांगुणाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "हाव," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ताच आलेत. पाणी द्यायचं हाय अजून."