बर्फातली बाटली

सोमवार, सकाळी दहा. सोबत तपासणीच्या फीचे बाराशे रुपये आणि वहिनी. वहिनींची मुक्ता मे महिन्यात गावातल्या तलावात पोहायला गेली आणि नवव्या दिवशी मेंदूज्वराने गेली. पाण्यातला अमिबा नाकातून शिरला असावा, असं डॉक्टर म्हणाले. तो सापडल्याचा कागद मिळाला तर तलाव बंद होईल, एवढ्याच आशेने मी तलावाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी थर्मास उघडला.

"काका, बर्फात कशाला आणलंत? गारठ्यात हा मरतो. आता सापडला नाही तरी पाणी चांगलं, असं म्हणता येणार नाही."

बाटलीतलं पाणी नितळ दिसत होतं. दूध, लस, औषधं, जे जपायचं ते मी जन्मभर गारच ठेवत आलो. जपण्याची दुसरी रीत मला ठाऊक नव्हती.

"पुन्हा आणू?" वहिनींनी विचारलं.

"पावसाने पाणी थंडावलंय. आता पुढच्या उन्हाळ्यात आणा."

"आणि पुढच्या उन्हाळ्यात पोरं पोहणार नाहीत का, मॅडम?"

बाईंनी फी घेतली नाही.

परतताना तलावात मुलं उड्या मारत होती. बाराशे रुपये खिशात तसेच होते. रिक्षावाल्याला ऐंशी दिले.