आईच्या पोटावरची पाच भोकं

आई परळच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं आया होती. पोट फाडलेले कितीतरी पेशंट तिने पुसले, उठवून बसवले. त्यामुळे बहात्तराव्या वर्षी तिच्याच मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा ती गाठीपेक्षा टाक्यांना जास्त घाबरली.

"जाड बाईची जखम लवकर भरत नाही," ती सर्जनबाईंना म्हणाली. "टाके उसवतात, पू होतो. मी बघितलंय."

आईचं वजन शंभराच्या पुढे.

"म्हणूनच दुर्बिणीने करू," त्या म्हणाल्या. "पाच बारीक भोकं, गाठ काढायला त्यातलंच एक थोडं मोठं करू. पण चरबीमुळे आत दिसायला त्रास होतो. नाहीच जमलं तर पोट उघडावं लागेल."

आईने फॉर्मवर सही केली, पेन कागदात रुतेल इतकी दाबून.

सकाळी आठला तिला आत नेलं. तीन तास सांगितले होते. अकरा वाजले, बारा वाजले. माझ्या पायांना थारा नव्हता. जिना उतरून फाटकापर्यंत जायचो, आणि तेवढ्यात कुणी हाक मारली तर, म्हणून धावत वर यायचो. चहा घेतला, अर्धा टाकून दिला. अँटॉप हिलहून बहिणीचा सारखा फोन. "अजून काहीच नाही?" मी तिच्यावर खेकसलो, मग पाच मिनिटांनी मीच तिला फोन लावला. उघडलं असेल का, एवढंच डोक्यात.

सव्वा वाजता सर्जनबाई बाहेर आल्या. "वेळ लागला. पण उघडावं नाही लागलं."

मी भिंतीला टेकलो. त्यांचे आभार मानायचेही राहिले.

दुसऱ्या दिवशी नर्स आईला चालवायला आली, तर आईच तिला शिकवायला लागली. "आधी कुशीवर वळव गं. मग पाय खाली. उशी दे, पोटाशी धरते." दारापर्यंत गेली, घामाघूम होऊन परतली.

मग वारा सरायची वाट. आतडं चालू झालं हे त्यावरून कळणार होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आई वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सरला एकदाचा!" शेजारच्या खाटेवरची म्हातारी टाळ्या वाजवायला लागली.

गाठ काढायला मोठी केलेली बेंबीजवळची चीर दोन आठवडे ओली राहिली, मग सुकली. गाठीचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी घरात कुणाशी धड बोललो नाही. गाठ पुरती निघाली होती, केमो नको.

दर तीन महिन्यांनी तपासणी असते. आई रांगेतल्या बायकांशी गप्पा मारते. मला अजून एका जागी बसवत नाही.